हात गुंतले की तोंड सुटतं

नाशिकची थंडी ही खरी थंडी. निफाडचा पारा कुठवर उतरला याची पेपरात बातमी होते आणि मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "अगं, बरी आहेस ना?" जणू आम्ही लडाखला राहतो. त्यामुळे इथे विणायला निमित्त शोधावं लागत नाही. आमचा गुरुवारचा कट्टा तर बारा महिने चालतो, अगदी वैशाखातसुद्धा. दुपारची जेवणं आवरली, की आम्ही कुणातरी एकीच्या घरी जमतो. एक बँकेतून निवृत्त झालेली. एक गणिताची बाई, शाळा सुटली तरी आमच्यासाठी बाईच राहिलेली. एक घरचं किराणा दुकान सांभाळून येते. चौथी वयानं लेक शोभेल अशी, घरून काम करणारी आयटीवाली. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून विणते. इतक्या वर्षांत जे हाताला लागलं ते इथे नंबर घालून लिहिते आहे. नंबर फक्त सोयीसाठी.

१. लडीचा गोळा एकटीनं करू नये.

हल्ली लोकर बहुतेक गोळ्यातच येते, पण लडी अजून मिळते आणि मी मुद्दाम लडी घेते. एकीनं कोपरं वाकवून दोन्ही हात पुढे धरायचे, लडी त्यावर ताणून अडकवायची, आणि दुसरीनं टोक काढून गुंडाळत जायचं. गोळा घट्ट करायचा नाही. दोन बोटं मध्ये ठेवून त्यांच्यावरून दोरा घ्यायचा, थोड्या फेऱ्या झाल्या की बोटं काढून दिशा बदलायची. ताणून गुंडाळलेली लोकर विणताना ताणलेलीच राहते, आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आखडतो.

हे झालं तंत्र. खरी गंमत हात धरून बसणारीची असते. तिला फोन घेता येत नाही, चहाचा कप उचलता येत नाही, नाक खाजलं तर ते दुसरीनं खाजवायचं. दोरा सुटेल तसे हात डावी-उजवीकडे कलते करत राहायचं, एवढंच तिचं काम. समोरचीची नजर गोळ्यावर. अशा वेळी माणूस जे बोलतो ते एरवी बोलत नाही.

आमच्या बाई तशा मिटल्या तोंडाच्या. किरमिजी लोकरीची एक मोठी लडी हातांवर घेऊन बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "ह्यांना आता घरचा रस्ताही आठवत नाही गं. परवा दूधवाल्यानं आणून सोडलं." कुणी मान वर केली नाही. "अगं बाई!" असंही कुणी म्हणालं नाही. बँकवाली गुंडाळत होती, तिनं नुसता हात हळू केला, म्हणजे लडी लवकर संपू नये. लडी संपेपर्यंत बाई बोलत होत्या. तेव्हापासून त्यांच्या घरी दुपारी थांबायला आमच्यातली कुणी ना कुणी जाते, आणि याचं वेळापत्रक कुणी बसून केलेलं नाही.

२. सुईचा नंबर आणि लोकरीचा लॉट, दोन्ही नीट वाचावेत.

आपल्याकडे सुयांना जुना विलायती हिशेब चालतो: नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. मुलगी न्यू जर्सीहून नमुना पाठवते आणि आई नाशिकमध्ये आपल्या ८ नंबरावर तो विणते, मग नातवाचा स्वेटर बाहुलीला होतो. सरळ मिलिमीटर बघावेत.

लॉट नंबर लेबलवर बारीक अक्षरात असतो. एकाच रंगाची लोकर, पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेली, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखी दिसते आणि उन्हात पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या. म्हणून एक गोळा जास्त घ्यावा. आमची बँकवाली सगळी लेबलं पासबुकाच्या जुन्या प्लॅस्टिक कव्हरात घालून ठेवते. कुणाची लोकर कमी पडली की तिला फोन. उरलेला गोळा कुणाच्या कपाटात असेल हे ती आमच्यापेक्षा अचूक सांगते.

३. रेडीमेडच्या किमतीशी हिशेब लावू नये.

दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटरची दुकानं थाटतात. माल बराचसा लुधियानाचा. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते, आणि बरी लोकर घेतली तर त्या पैशांत तिथे तयार स्वेटर येतो. दुकानवालीचे यजमान हे दरवर्षी तिला ऐकवतात, आणि वर तासाला किती पडले ते विचारतात. यंदा ती म्हणाली, "तुमच्या मॅचचे तासाला किती लावू ते आधी सांगा." त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

४. नव्या शिकणारीला मफलर देऊ नये.

सगळी पुस्तकं मफलरपासून सुरुवात करा म्हणतात. सरळ पट्टी, वाढवणं नाही, घटवणं नाही, म्हणून सोपी. सोपी असते, पण संपत नाही! वीतभर विणून होते, मग ती पट्टी पिशवीत जाते, पिशवी माळ्यावर जाते आणि पोरगी यायची बंद होते. आयटीवालीला आम्ही टोपी दिली. खाली एक सुलट एक उलट अशी बॉर्डर, मग सरळ, मग दोन-दोन टाक्यांचा एक करत वर आवळून टाकायचं. आठवड्यात झाली. कुणाच्याच डोक्याला बसेना, तर तिनं ती देवघरातल्या नारळाला घालून ग्रुपवर फोटो टाकला. आता ती कानटोपीसुद्धा न बघता विणते.

५. बाळंतविड्यात सगळ्यांनी जन्माच्या मापाचं देऊ नये.

जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर भरतं, सहा महिन्यांत ते ४२-४३ पर्यंत जातं. सगळ्या मावश्या-आत्या पहिल्याच मापाच्या टोप्या आणतात आणि त्या महिना-दोन महिन्यांत निकामी होतात. आम्ही वाटून घेतो: एकीनं आत्ताचं, एकीनं सहा महिन्यांचं, एकीनं वर्षाचं. अंगाला लागून मलमलीचं झबलं, लोकर त्याच्यावर. विकत घेण्याआधी गोळा स्वतःच्या मानेला घासून बघावा. आपल्याला टोचतो तो बाळाला टोचणारच. मोज्यांच्या आत सुटे दोरे ठेवू नयेत. बाळाच्या पायाच्या बोटाला दोरा वेढला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. गळ्याशी बांधायच्या रिबिनी नकोत. टोपीवरचा गोंडा ही आजीची हौस. बाळ तो ओढून चोखतं.

६. "उसव" म्हणणारी एक मैत्रीण हवीच.

आमच्याकडे हे खातं बाईंकडे आहे. आयटीवालीनं स्वेटरची पाठ काखेपर्यंत आणली होती आणि अगदी खाली, बॉर्डर संपते तिथे, नक्षी एका टाक्यानं सरकली होती. गळलेला टाका असता तर क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी उचलत वर आणता आला असता. हे तसं नव्हतं.
"बाई, पाठीवर कोण बघतंय?"
"मी बघितलं."
उसवलं. बाईंनी टोक ओढलं, तिनं गुंडाळलं, आणि आम्ही भजी तळली.

विणकामाची ही मोठी सोय आहे, उसवलं तरी काही वाया जात नाही. लोकर नागमोडी होते खरी. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात धुवावी आणि खाली काहीतरी वजन लावून सावलीत टांगावी. आमच्याकडे फडक्यात बांधलेलं जुनं कुलूप लावतात. वाळली की सरळ. आमच्या आया दर दोन वर्षांनी आमचे स्वेटर असेच उसवायच्या. अंग वाढलेलं असायचं, लोकर पुरायची नाही, मग मध्ये दुसऱ्या रंगाचा पट्टा यायचा. शाळेतल्या जुन्या फोटोत निम्मा वर्ग पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरमध्ये दिसतो, त्याचं कारण फॅशन नव्हे.

७. काळी लोकर दिवे लागल्यावर हातात घेऊ नये.

साठीनंतर तर दिवसाही नको.

८. मैत्रिणीला विकू नये.

लोकर तिनं आणावी, मजुरी आपली. दोघींनाही मोकळं वाटतं, आणि रंग आवडला नाही तर दोष तिचा.

९. ज्याचं माप माहीत नाही त्याच्यासाठीही विणावं.

१९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. माझ्या आईनंही विणला. माप कुणाचं घेणार? तिनं धाकट्या भावाला उभा करून त्याची छाती मोजली आणि, "तिकडे जाड कपडे असतील आत," म्हणून चार बोटं वाढवली. तो कुणी घातला हे तिला कधीच कळलं नाही, आणि ती ते आनंदानं सांगायची.

हे मला आमच्या दुकानवालीमुळे पुन्हा आठवलं. तिची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, एक बाजू काढली. घरात बोलणं झालं ते औषधांचं आणि खर्चाचं. ब्लाऊजमध्ये ती रुमालाची घडी घालत होती. गल्ल्यावर बसून वाकलं की घडी सरकायची, म्हणून उन्हाळ्यातही शाल पांघरायची. सिलिकॉनचे कृत्रिम स्तन मिळतात, पण महाग, वजनाला जड, आणि आपल्या उन्हात घाम धरतात. आयटीवालीनं शोधून काढलं, की यासाठी सुती दोऱ्याचे विणलेले स्तन असतात. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी हे काम उभं केलं, आणि आपल्याकडेही 'निटेड नॉकर्स इंडिया' या नावानं बायका ते विणून गरजू बायकांना मोफत देतात.

कृती अवघड नाही. क्रोशानं मधल्या वर्तुळापासून सुरू करून गोल-गोल वाढवत न्यायचं. दोरा मऊ सुती, सुई बारीक, टाका घट्ट, नाहीतर भरलेला कापूस बाहेर डोकावतो. भरायचा तो हलका धुता येणारा कृत्रिम कापूस, आणि मागची बाजू अशी ठेवायची की तो कमी-जास्त करता यावा. पहिला तिच्यासाठी करायचा ठरला. बँकवालीनं कातडीच्या रंगाच्या जवळ जाणारे बदामी, बिस्किटी असे सगळे दोरे टेबलावर मांडले. दुकानवालीनं ते हातानं बाजूला सारले.

"राणी कलर नाही का?"

"अगं, आत घालायचाय."

"म्हणूनच. बाहेर सगळं दुसऱ्यांच्या आवडीचं घातलं मी."

राणी कलरचाच केला. भरताना तीच सांगत होती, थोडा आणखी, आता थोडा काढ. आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की शेजारणीनं बेल वाजवून काय झालं विचारलं. पुढच्या गुरुवारी ती शाल न घेता आली. आता दर महिन्याला आम्ही काही जोड करून पाठवतो. ते कुणाकडे जातात ते माहीत नाही. पण एक राणी कलरचा असतोच, मग बाकीचे बदामी असोत.

१०. एकीचा हात दुसरीला येत नाही.

घट्ट हात आणि सैल हात हे जन्माचं असतं. सुया त्याच, लोकर तीच, टाके तितकेच, तरी दोघींची पाठ दोन मापांची होते. म्हणून एकीनं पुढचा भाग आणि दुसरीनं पाठ, असं भागीत विणू नये म्हणतात. सैल हाताच्या बाईनं एक नंबर बारीक सुई घ्यावी, घट्ट हाताच्या बाईनं एक नंबर जाड. चार इंचांचा चौकोन आधी विणून, टाके मोजून मगच पुढे जावं.

तरीही आम्ही एकदा भागीत विणलंच. बँकवाली मुलाकडे बंगळूरला राहायला गेली. सुनेचे दिवस भरत आले होते, तयारीला आठवडाही मिळाला नाही. स्वतःसाठी घातलेलं मोरपंखी कार्डिगन पाठीच्या मध्यावर सुयांसकट माझ्याकडे टाकून गेली. तिचा हात घट्ट, माझा सैल. तिचे टाके १० नंबरावर होते. मी ११ घेऊन बघितली, चौकोन मोठा येत होता; मग १२ घेतली तेव्हा बाईंनी पट्टी लावून मान डोलावली. पाठ मी पूर्ण केली, बाह्या बाईंनी, बटणपट्टी आयटीवालीनं. काज्यांची मापं दुकानवालीनं घेतली, कारण बटणं तिच्या दुकानातली होती. लोकर कमी पडली तेव्हा पासबुकाच्या कव्हरातून लॉट नंबर काढायला बंगळूरलाच फोन लावावा लागला. धुऊन, मापात आणून, कुरिअर केलं.

व्हिडिओ कॉलवर ती घालून उभी राहिली. कडेवर नात. कार्डिगन अंगात छान बसलं होतं, आम्ही एकमेकींकडे बघून डोळे मिचकावले. ती पाठ वळवून आरशात बघायला लागली. मग फोन जवळ आणून पाठीच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथून पुढे तुझा हात लागलाय ना गं? आणि बाह्या बाईंच्या. एवढं मोजून दुसरं कोण विणणार!"

बाई मागून ओरडल्या, "उसवू का?"

"हात तर लावून बघा," ती म्हणाली, आणि नातीनं बटणपट्टी तोंडात घातली म्हणून फोन ठेवला.