जुने फोटो मढवताना: माउंटचा रंग आणि खर्चाचा हिशोब

फ्रेमवाला आधी पट्ट्या दाखवतो. सोनेरी, नक्षीदार, सागवानी छापाच्या. जुन्या फोटोचं बरंवाईट मात्र माउंटवर, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीवर ठरतं. ती नुसती शोभा नाही. जुन्या कृष्णधवल फोटोवरचा जिलेटिनचा थर पावसाळ्यात ओलावा धरतो आणि काचेला चिकटतो. सोडवायला गेलं की आजोबांचा फेटा काचेवरच राहतो. माउंटमुळे फोटो आणि काच यांच्यात फट राहते.

आता खर्च. पट्टी रनिंग फुटावर, काच चौरस फुटावर, मजुरी वेगळी. 6 बाय 8 इंचांचा फोटो नुसता मढवला, तर इंचभर रुंदीच्या पट्टीला कोपऱ्यांच्या तिरक्या कापासकट 3 फूट लागतात. तिन्ही बाजूंना सव्वादोन इंच आणि खाली पावणेतीन इंच माउंट सोडला की माप होतं साडेदहा बाय तेरा. (खाली थोडं जास्त सोडायचंच, नाहीतर फोटो घसरल्यासारखा दिसतो.) पट्टी साडेचार फुटांच्या वर जाते, दुकानदार 5 धरतो. समजा दर फुटाला 100 रुपये असेल, तर पट्टीचेच 300 चे 500 झाले, आणि काच जवळजवळ तिप्पट लागली. पुठ्ठ्याचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

बरेच फोटो एकदम करणार असाल तर पुठ्ठ्याचा पूर्ण ताव घ्या. 32 बाय 40 इंचांच्या तावातून साडेदहा बाय तेराचे 9 तुकडे निघतात. तोच माउंट हौसेने 11 बाय साडेतेरा केलात, तर फक्त 6. डबल माउंटला पुठ्ठाही दुप्पट आणि कापण्याची मजुरीही. घरच्या फोटोंना त्याची गरज मला कधी वाटली नाही.

रंग भिंतीला किंवा सोफ्याला मॅचिंग म्हणून निवडू नका, फोटोकडे बघून निवडा. पांढराशुभ्र माउंट तर नकोच, त्याच्याशेजारी जुना कागद अधिकच पिवळा आणि मळका वाटतो. तपकिरी फोटोला सायीचा किंवा हस्तिदंती रंग शोभतो; काळ्यापांढऱ्याला किंचित राखी झाक असलेला पांढरा. हाताने रंगवलेल्या फोटोत नऊवारीच्या काठाला आणि गालांना रंग दिलेला असतो. तो इतका हलका असतो की मरून माउंटशेजारी दिसेनासाच होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झाले असतील, तर हिरवट-निळसर माउंट टाळा, त्याने लाली आणखी उठते. बदामी चालेल. नमुन्याचे कोपरे फोटोवर ठेवून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघा.

स्टुडिओच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो असेल, तर तो पुठ्ठा कापू देऊ नका. खाली छापलेलं स्टुडिओचं नाव-गाव हाच कधीकधी फोटोचा काळ ओळखायचा एकमेव धागा असतो. माउंटची खिडकी मोठी ठेवा, ते नाव दिसू दे.

साध्या पुठ्ठ्यात आम्ल असतं. घरातली जुनी फ्रेम बघा, माउंटची कापलेली कड तपकिरी पडलेली दिसेल. तोच डाग फोटोलाही लागतो. म्हणून मूळ फोटो लावायचा असेल तर ॲसिड-फ्री बोर्डच मागा, तो बराच महाग असला तरी. मागेही तसाच बोर्ड हवा. पाठीला नुसता हार्डबोर्ड आला तर पुढचा खर्च पाण्यात. फेविकॉल आणि सेलोटेप फोटोला लागता कामा नयेत, हे दुकानदाराला स्पष्ट सांगा.

माझं मत विचाराल तर मूळ फोटो भिंतीवर लावूच नका. 600 डीपीआयवर स्कॅन करून मॅट कागदावर प्रत काढा आणि ती मढवा. प्रतीला साधा माउंट पुरतो, त्यामुळे स्कॅन-प्रिंटचे पैसे बऱ्याच अंशी तिथेच सुटतात. मूळ फोटो ॲसिड-फ्री पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवा.

आणि मागची पाटी ठोकण्याआधी, फोटोत कोण कोण आहे ते पेन्सिलीने माउंटच्या पाठीवर लिहा. नंतर फ्रेम उघडायची मजुरी वेगळी पडते.