हापसा कोणासाठी?

प्रस्तावना

'इंडिया मार्का' म्हणजे हातपंप, हे उत्तर प्रदेशातील खेड्यांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लखनौलगतच्या सरोजिनी नगर परिसरातील गावेही त्याला अपवाद नाहीत. महाराष्ट्रात अशाच पंपाला 'हापसा' म्हणतात. हा साधा दिसणारा पंप घडवण्यापूर्वी तो कोण वापरतो आणि कसा वापरतो, याची माहिती गोळा करावी लागली. या पाठात त्या शोधाची ओळख करून घ्यायची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• वापरणाऱ्यांची माहिती का मिळवावी लागते, हे सांगू शकाल;
• माहितीवरून गरजा कशा निश्चित होतात, हे उदाहरणाने स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये आणि १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. कठीण खडक भेदणारी यंत्रे आली, गावोगावी विंधन विहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसले. विहिरींची मोजदाद होत राहिली. पंपांतून पाणी येते की नाही, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. १९७४च्या सुमारास महाराष्ट्र व तमिळनाडूत युनिसेफने पाहणी केली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. पंप बंद पडला, की बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडा येई आणि दूरच्या गढूळ पाण्याची वाट पुन्हा तुडवावी लागे.

दोष कोठे होता? हे पंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या पंपांवरून बेतलेले होते. तेथे एक कुटुंब दिवसाकाठी काही बादल्या पाणी काढी. येथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खे गाव रांगेत उभे असे. साहजिकच खिळी झिजत, दांडे मोडत. गावकरी पंप नीट हाताळत नाहीत, असे म्हणणे सोपे होते. परंतु चूक त्यांची नव्हती. पंप घडवताना वापरणाऱ्याचा विचारच झाला नव्हता.

जालना आणि सोलापूर येथे विहिरी खोदणाऱ्या मिशनच्या कारागिरांना ही मोडतोड रोज दिसत होती. त्यांनी बिडाऐवजी पोलादाचे पंप तयार केले. 'सोलापूर पंपा'त दांडा एकाच आसावर फिरे आणि साखळीने दट्ट्या ओढला जाई. या अनुभवाचा पुढे मोठा उपयोग झाला.

आता गरजा स्पष्ट झाल्या :
१. पंप साऱ्या गावाचा भार सोसणारा असावा.
२. तो दीर्घकाळ न बिघडता चालावा.
३. स्त्रिया व मुले यांना तो चालवता यावा.
४. तो देशातील साध्या कारखान्यांत, माफक खर्चात तयार व्हावा.

सोलापूर पंपाच्या आधारे नवे नमुने तयार झाले. १९७६-७७ मध्ये कोइमतूर परिसरातील खोल विहिरींवर त्यांची प्रत्यक्ष वापरात कसोटी घेतली गेली. त्यातून 'इंडिया मार्क दोन' सिद्ध झाला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानकही ठरले.

तरीही एक प्रश्न मागे राहिला होता : दुरुस्ती कोण करणार? जमिनीखालचा भाग बिघडला, तर सगळे नळ वर काढावे लागत. त्यासाठी गाडी व मिस्त्रींचे पथक शहरातून येईपर्यंत गाव खोळंबून राही. म्हणून 'मार्क तीन'मध्ये रुंद नळ घेतला गेला. त्यातून दट्ट्या एकटाच वर काढता येऊ लागला. उत्तर प्रदेशातील तेव्हाच्या बांदा जिल्ह्यात 'महिला समाख्या' कार्यक्रमातून खेड्यांतील स्त्रियांनीच हातपंप दुरुस्तीचे शिक्षण घेतले. ज्यांच्या डोक्यावर हंडा होता, त्यांच्या हाती आता पानेही आले.

वस्तू कशी करावी, या प्रश्नाआधी ती कोणासाठी करावी, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर कागदावर नव्हे, तर पाणवठ्यावर मिळते. तसेच ते एकदा मिळाले म्हणून शोध संपत नाही. वस्तू वापरात आल्यावरही तो चालू ठेवावा लागतो.

शब्दार्थ

विंधन विहीर – बोअर
बीड – ओतीव लोखंड
आस – ज्याभोवती एखादा भाग फिरतो तो दांडा
दट्ट्या – नळीत वरखाली सरकणारा भाग

पाठगत प्रश्न

१. बिडाचे पंप भारतातील खेड्यांत का टिकले नाहीत?
२. 'मार्क तीन'मुळे कोणती अडचण दूर झाली?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या सार्वजनिक सोयीचे दिवसभर निरीक्षण करा. ती वापरणाऱ्या पाच जणांशी बोला आणि त्यांच्या गरजांची यादी तयार करा.