जुन्या मोटारीचा गंज

गंज म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जुनी कढई, विहिरीवरील रहाट किंवा पावसांत विसरलेला विळा येतो. परंतु जिच्यावर रंगाचे इतके थर चढविलेले असतात त्या मोटारगाडीसही हाच रोग जडतो, आणि तो बहुधा आंतून बाहेर येतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत उशिरां येतें. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरीं आजोबांच्या वेळची फियाट किंवा पद्मिनी अद्याप आवारांत उभी आहे, व ती पुन्हां रस्त्यावर आणावी अशी हौस घरच्या मंडळींस आहे. त्या हौसेस थोडें साहाय्य व्हावें, आणि वर्गांत शिकलेलें रसायनशास्त्र अंगणांत कसें भेटतें तें मुलांस दिसावें, एवढ्यासाठीं हा विषय आम्हीं घेतला आहे.

प्रथम या गाडीविषयीं दोन शब्द. फियाट ११०० ची ही जात इटलींत १९५३ सालीं निघाली. आपल्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार होई. पुढें तिलाच पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती लहानथोरांच्या परिचयाची होती; टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर तिची तीही सेवा संपली. आतां ती राहिली आहे ती घरोघरच्या आवारांत.

मालमोटारीस किंवा जुन्या जीपगाडीस खालीं मजबूत लोखंडी सांगाडा असतो व त्यावर वरची पेटी बसविलेली असते. फियाटला असा निराळा सांगाडा नाहीं. बुडाचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरठे, खांब आणि छत हीं सर्व एकमेकांस जोडून जी पेटी होते तोच तिचा सांगाडा. म्हणून मडगार्डास भोंक पडलें तर गाडी कुरूप दिसते इतकेंच. उंबरठा कुजला तर मात्र सबंध गाडी मध्यें खचूं लागते. जॅक लावून एक बाजू उचलतांच त्या बाजूचें दार नीट लागेनासें झालें, तर रंग कितीही चकचकीत असला तरी त्या गाडींत मुलाबाळांस बसवून घाट चढूं नये.

आतां गंज चढतो कसा तें पाहूं. तीन परीक्षानळ्यांतील खिळ्यांचा प्रयोग मुलांनीं केलेला असेलच. कोरड्या हवेंतील खिळा चांगला राहतो, उकळून वर तेल ओतलेल्या पाण्यांतील खिळाही चांगला राहतो, आणि साध्या पाण्यांतील खिळा गंजतो. हवा व पाणी हीं दोन्ही लागतात, एवढें त्यावरून कळतें. परंतु मोटारीचा गंज समजण्यास तेवढें पुरत नाहीं. त्यासाठीं केंब्रिज येथील शास्त्रज्ञ युलिक रिचर्डसन इव्हान्स यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला थेंबाचा प्रयोग करून पाहावा. मिठाच्या पाण्यांत थोडें फिनॉल्फ्थॅलीन व थोडें पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळावें, आणि त्या पाण्याचा एक टपोरा थेंब स्वच्छ घासलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवावा. कांहीं वेळानें थेंबाच्या कडेनें गुलाबी रंग उमटतो, व मध्यभागीं निळा. निळा रंग दिसतो तेथें लोखंड विरघळून पाण्यांत उतरत असतें. गुलाबी दिसतो तेथें हवेंतील प्राणवायूच्या योगानें अल्क तयार होत असतो. पुढें या दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत तांबूस गंज धरतो. म्हणजे तो एक थेंब ही एक लहानशी विजेची बॅटरीच झाली. आणि लोखंड झिजतें तें भरपूर प्राणवायु मिळणाऱ्या कडेला नव्हे, तर तो जेथें कमी पोहोंचतो अशा मध्यभागीं!

ही गोष्ट ज्यास समजली त्यास मोटारींत गंज कोठें शोधावा हें निराळें सांगावें लागत नाहीं. मडगार्डाच्या आंत साचलेला चिखल, दोन पत्रे एकावर एक जोडलेली घडी, पायाखालच्या ओल्या गालिच्याची तळची बाजू, उंबरठ्याची पोकळी, डिकींतील सुट्या चाकाखालचा खड्डा, ही सर्व थेंबाच्या मध्यभागासारखीं ठिकाणें होत. त्यांत समुद्रकांठची हवा मिळाली म्हणजे मिठानें पाणी अधिक विद्युद्वाहक होतें व काम झपाट्यानें चालतें. मुंबई-रत्नागिरीकडील गाडी व सोलापूरकडील गाडी एकाच वयाच्या असूनही सारख्या का नसतात, याचें हें एक मोठें कारण आहे.

गंज हा मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो घडींत शिरला कीं जोडलेले पत्रे एकमेकांपासून उचकटतो, आणि रंगाखालीं शिरला कीं फोड आणतो. रंगावर मसुराएवढा फोड दिसला तर मागें रुपयाएवढा पत्रा गेला आहे असें धरून चालावें. पेंचकसाच्या मुठीनें पत्र्यावर हलके ठोकीत जावें. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. लोहचुंबकास पातळ फडकें गुंडाळून तो गाडीवरून फिरवावा. जेथें तो धरीत नाहीं तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे. लांबी म्हणजे भेगा बुजविण्यास सुतार व रंगारी वापरतात ती लुकण; मोटारीसाठीं ती निराळ्या द्रव्याची असते. पत्र्याचा किंचित् खळगा सपाट करण्यास ती योग्यच आहे. परंतु भोंकावर ती थापणें ही फसवणूक होय. एका गाडीच्या मडगार्डांतून लांबीच्या पाठीमागें कोंबलेला वर्तमानपत्राचा गोळा निघतांना आम्हीं प्रत्यक्ष पाहिला आहे. तो कागद ओल धरून बसला होता, व सभोंवारचा चांगला पत्राही त्यानें खाल्ला होता. त्या गाडीच्या धन्यानें रंगाचे पैसे मात्र पुरे मोजले होते.

प्रत्यक्ष कामास हात घालण्यापूर्वी पालकांस आमची स्पष्ट विनंती आहे. बॅटरी सोडवून बाजूस ठेवावी. पेट्रोलची टाकी काढून दूर न्यावी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहूं नये, कारण रिकाम्या टाकींतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षां अधिक धोक्याची असते. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें तो कोरडा घासूं नये. पाणी लावून पॉलिश पेपरनें घासावा, तोंडास धुळीचा चांगला मुखवटा बांधावा, व लहान मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखालीं कोणीही शिरूं नये. खालीं मजबूत लोखंडी घोड्या लावाव्या. वेल्डिंग तर जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें. मुलांस पाहावयाचें असेल तर काळ्या काचेंतून व दुरून पाहावें.

आतां मुख्य प्रश्न : कापावें किती? आमचें उत्तर असें कीं, पत्रा चकचकीत व पुऱ्या जाडीचा लागेपर्यंत. गंजलेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाहीं. पातळ कड जळून भोंक वाढतच जातें. येथें हात आंखडणारा मनुष्य दोन पावसाळ्यांनंतर तेंच काम पुन्हां करतो. याच्या उलट, हौसेच्या भरांत चांगला पत्राही कापून टाकणारे लोक आहेत. तेंही आम्हांस पसंत नाहीं. मूळ कारखान्याचा जेवढा पत्रा राखतां येईल तेवढा राखावा. शिवाय केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद होऊं शकते. मात्र ती मूळ रूपांत असावी, सांगाडा, पेटी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

उंबरठा कापावयाचा असेल तर एका वेळीं एकच बाजू घ्यावी, आणि त्यापूर्वी दाराच्या चौकटींत आडवी पट्टी वेल्ड करून पेटी जागच्या जागीं जखडून टाकावी. तसें न केल्यास गाडी किंचित् वांकते, नवा उंबरठा त्या वांकलेल्या स्थितींतच जोडला जातो, व पुढें दारें जन्मभर लागत नाहींत. ठिगळाचा नमुना आधीं पुठ्ठ्याचा कापावा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावे, म्हणजे ताण एका ठिकाणीं गोळा होत नाहीं. सुमारें वीस गेजचा पत्रा बहुतेक ठिकाणीं चालतो. वेल्डिंगचे टिपके एकामागून एक न देतां आज या कोपऱ्यास, मग समोरच्या, असे दूरदूर द्यावे. सलग दिल्यास उष्णतेनें पत्रा पापडासारखा वळतो.

ज्या ठिकाणीं पत्रा शाबूत आहे पण वर तांबूस झांक आली आहे, तेथें तारेच्या ब्रशानें घासून फॉस्फॉरिक आम्लाचें द्रावण लावतात. लोखंडावर त्याचा लोह-फॉस्फेटाचा घट्ट थर बसतो. दिल्लीचा सुमारें सोळाशें वर्षांचा लोहस्तंभ मुलांस ठाऊक आहे. त्याच्या लोखंडांत आजच्या पोलादापेक्षां स्फुरद पुष्कळ अधिक आहे, व त्याच्या योगानें पृष्ठभागावर झालेला फॉस्फेटाचा थर त्यास राखतो, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. बाजारांतील दुसऱ्या कांहीं औषधांत टॅनिक आम्ल असतें. तें गंजाचें काळें संयुग करतें. हिरडा व हिराकस यांची शाई आपले पूर्वज करीत, तिच्यांतही हीच क्रिया. परंतु ही औषधें जाड पोपडे आलेल्या गंजावर व्यर्थ होत, कारण तीं वरच्यावरच राहतात.

बिजागऱ्या, कड्या, बोल्ट अशा सुट्या भागांसाठीं मुलांस करण्याजोगा एक सुरेख उपाय आहे. मात्र घरांतील मोठें माणूस जवळ असावें. प्लास्टिकच्या बादलींत पाणी घेऊन त्यांत धुण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरी-चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागास व धन तार एखाद्या निरुपयोगी लोखंडी पट्टीस जोडून, दोहोंचा एकमेकांस स्पर्श न होईल अशा बेतानें पाण्यांत सोडावीं. कांहीं तासांत गंज सैल होऊन ब्रशानें निघतो. तारांची अदलाबदल झाल्यास आपलाच भाग झिजेल! हें काम उघड्यावर करावें, कारण हायड्रोजन वायु सुटतो. पाण्यांत हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. आणि स्टेनलेस स्टीलची पट्टी मुळींच घेऊं नये, कारण तिच्यापासून क्रोमियमचे विषारी क्षार होतात.

रंगाच्या अस्तराविषयीं फार लिहीत नाहीं. डब्यावरील सूचना वाचाव्या. उघडा पत्रा एक रात्रही तसाच ठेवूं नये, आणि जस्ताचें अस्तर मिळाल्यास तें उत्तम, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. पावसाळ्यांत रंगकाम काढूं नये. दिवाळीनंतर आरंभ करून होळीच्या आंत तें उरकावें. पण पुष्कळ जण विसरतात ती गोष्ट पुढेंच आहे. वेल्डिंगच्या आंचेनें ठिगळाच्या मागच्या बाजूचा रंग जळून गेलेला असतो, व ती बाजू पोकळीच्या आंत असल्यामुळें दिसत नाहीं. तेथें लांब नळीनें पातळ मेण किंवा तेल फवारावें. उंबरठ्याच्या व दारांच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं कारखान्यानें ठेवलेलीं भोंकें असतात. रंगारी तीं हटकून बुजवून ठेवतो. तीं तारेनें मोकळीं करावीं, आणि पहिला पाऊस झाल्यावर गालिचा उचलून पत्र्यावर कोरडा हात फिरवून पाहावा.