सहायकास परवानगी कितपत द्यावी?
कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आता दवाखान्यातील ईमेल व भेटींच्या नोंदींशी जोडता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या मानकाने हे काम सुलभ केले. परंतु वाचणे, मसुदा करणे आणि पाठवणे या तीन निरनिराळ्या परवानग्या आहेत.

१० किलो वजनाच्या बालकास पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम द्यावयाचे असल्यास, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले औषध ६ मिलिलिटर लागते. घरातील बाटली २५० मिलिग्रॅमची असेल, तर तेच ६ मिलिलिटर म्हणजे दुप्पट मात्रा! कोणती बाटली आहे, हे आईला विचारल्याविना उत्तर जाता कामा नये.

म्हणून व्यवसायबंधूंनी सहायकास नोंदी वाचू द्याव्यात, मसुदाही करू द्यावा. पाठवण्याचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवावा.