दोन राष्ट्रांचा व्यापार आणि मिठाचा करार

परदेशांच्या व्यापाराचें नांव काढलें कीं आपल्या भागांतील विद्यार्थ्यांस तो विषय फार दूरचा वाटतो. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाशीं राहणाऱ्या मुलांनीं इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यामधील मालाची देवघेव कां शिकावी, असा प्रश्न कांहीं पालकांनीं आम्हांस विचारलाहि आहे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मिठांत आहे. परंतु मिठापाशीं येण्यापूर्वीं थोडा लांबचा फेरा घ्यावा लागेल. वाचकांनीं तेवढा धीर धरावा.

इंग्लंड व पोर्तुगाल यांचा संबंध जुना. १६६१ सालीं पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याच्याशीं ठरला, तेव्हां मुंबईचें बेट आंदणांत दिलें गेलें. आणि १६६८ सालीं राजानें तें वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. हें सर्व इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. याच दोन राज्यांत १७०३ सालीं व्यापाराचा एक तह झाला. इंग्रजांतर्फे जॉन मेथुएन या वकिलानें तो जुळविला, म्हणून त्यास मेथुएनचा तह म्हणतात. कलमें थोडकींच होतीं. इंग्लंडचें लोकरी कापड पोर्तुगालनें आपल्या देशांत येऊं द्यावें. आणि पोर्तुगालच्या द्राक्षमद्यावर इंग्लंडनें फ्रान्सच्या मद्याहून एक तृतीयांश कमी जकात घ्यावी.

पुढें १८१७ सालीं लंडनचा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यानें आपल्या ग्रंथांत याच कापडाचें व याच मद्याचें एक उदाहरण घातलें, आणि तें आज जगभर शिकविलें जातें. (रिकार्डोचे पूर्वज पोर्तुगाल सोडून गेलेले यहुदी होते, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.) उदाहरण असें. ठराविक कापड विणण्यास इंग्लंडांत १०० माणसांचे वर्षाचे श्रम लागतात, व ठराविक मद्य करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालांत तेंच कापड ९० माणसें करितात, व तेंच मद्य ८० माणसें. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस! मग त्यानें इंग्लंडचें तोंड कां पाहावें?

विद्यार्थ्यांनीं हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा. इंग्लंडनें १०० माणसांचें कापड देऊन मद्य घेतलें. तें घरीं करतें तर १२० माणसें लागतीं. २० माणसांचे श्रम वांचले. पोर्तुगालनें ८० माणसांचें मद्य देऊन कापड घेतलें. तें घरीं करतें तर ९० माणसें लागतीं. १० माणसांचे श्रम वांचले. जो सर्व कामांत हुशार आहे त्यानेंहि ज्यांत तो अधिक हुशार आहे तेंच करावें, आणि बाकीचें देवघेवीनें मिळवावें. दोघांचाहि लाभ होतो. हा सिद्धांत इतका साधा व इतका सुंदर आहे कीं तो प्रथम शिकतांना आमच्या गुरुजनांनीं आम्हांस पुन्हां पुन्हां तोच हिशेब करावयास लावला, आणि आम्हीहि तो आमच्या वर्गांस तसाच करावयास लावितों.

परंतु हिशेब संपला म्हणून धडा संपत नाहीं. वरील उदाहरणांत एक माप मद्यास एक माप कापड दिलें, असें आपण धरून चाललों. तें कोणीं ठरविलें? एक माप मद्यास कापडाचे आठ नवमांश माप मिळालें तरी पोर्तुगालचें नुकसान नाहीं; आणि सहा पंचमांश माप द्यावें लागलें तरी इंग्लंडचें नुकसान नाहीं. या दोन टोंकांमध्यें सौदा कोठेंहि तुटूं शकतो. रिकार्डोचा हिशेब लाभ होतो एवढें सिद्ध करितो. लाभ वांटला कसा जातो, याविषयीं तो मौन धरितो. पुढें जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४८ च्या आपल्या ग्रंथांत या मौनाकडे लक्ष वेधलें, आणि ज्याची गरज अधिक निकडीची त्यास सौद्यांत कमी पदरांत पडतें, अशा आशयाचें विवेचन केलें. शिवाय राष्ट्र म्हणजे एकच माणूस नव्हे. मेथुएनच्या तहानंतर पोर्तुगालांतील द्राक्षमळेवाल्यांचा उत्कर्ष झाला, पण तेथील लोकरीच्या मागांस उतरती कळा लागली. कापडाच्या आयातीची तूट भरून काढण्यास ब्राझीलच्या खाणींतलें सोनें लंडनकडे जात राहिलें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. हींच दोन राज्यें कोंकणपट्टींत एकमेकांच्या शेजारीं बसलेलीं होतीं. गोवा पोर्तुगालचा, त्याच्या भोंवतालचे बेळगांव, कारवार, रत्नागिरी हे जिल्हे इंग्रजांचे. गोव्यांतून नारळ, सुपारी, मासळी व मीठ बाहेर जाई, आणि तांदूळ व कापड आंत येई. यांत मीठ हा खरा तंट्याचा विषय. इंग्रजी मुलखांत मिठावर जबर कर होता, गोव्यांत तसा नव्हता. समुद्राचें पाणी खाजणांतील आगरांत घेऊन उन्हानें आटविलेलें तें स्वस्त मीठ रात्रीं घाट चढून इंग्रजी हद्दींत शिरत असे, आणि तें अडविण्यास सरहद्दीवर पहारे ठेवावे लागत.

२६ डिसेंबर १८७८ रोजीं लिस्बन येथें या दोन राज्यांत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु आणि इंग्लंडतर्फे वकील रॉबर्ट मोरियर यांनीं तो घडविला. जानेवारी १८८० पासून बारा वर्षें तो अमलांत राहिला. त्यान्वयें गोव्याच्या व इंग्रजी हद्दीच्या मधल्या जकाती उठल्या. दोन्हींकडील बंदरांवर जकातीचे दर सारखे झाले. मुरगांव बंदरापासून सह्याद्रि चढून इंग्रजी मुलखास मिळणारा लोहमार्ग बांधावयाचें ठरलें. मोबदल्यांत गोव्यांत मीठ कोठें व किती पिकवावें हें ठरविण्याचा अधिकार इंग्रज सरकारकडे गेला, माडीच्या व दारूच्या अबकारीची पद्धतहि शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यांसारखी झाली, आणि पोर्तुगीज सरकारास वर्षाला ४ लाख रुपये देण्याचें इंग्रजांनीं कबूल केलें.

रिकार्डोच्या दृष्टीनें पाहिलें तर हा करार उत्तम. सरहद्द मोकळी झाली, माल बिनअडथळा चालला, दोन्ही सरकारांस पैसा मिळाला. लोहमार्ग १८८८ सालीं कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाला. दूधसागरच्या धबधब्यावरून जाणारा तो मार्ग आजहि चालूं आहे, आणि त्या काळच्या स्थापत्याचें तें एक मोठें काम होय, हें कबूल केलेंच पाहिजे. पण आगरांत गुडघाभर चिखलांत उभें राहून मीठ ओढणारा मिठागरी, आणि दिवसांतून अनेकदां माडावर चढणारा रेंदेर, यांना लिस्बनच्या त्या दालनांत कोणींहि बोलाविलें नव्हतें. आगरें बंद पडलीं. ज्या घरीं मीठ पिकत होतें त्या घरीं तें करासह विकत घ्यावें लागूं लागलें. माडी काढावयाच्या माडावर कर बसला. पुष्कळांनीं मुंबईची वाट धरली. ४ लाख रुपये पणजीच्या तिजोरींत पडत होते, मिठागऱ्याच्या कनवटीस नव्हे.

सरकारहि सरकारापुढें सारखें नसतें. १८८२ सालीं इंग्रजांनीं हिंदुस्थानांतील बहुतेक आयात जकाती उठविल्या. दर सारखे ठेवण्याचा करार असल्यामुळें जो निर्णय कलकत्त्यास झाला त्याचा परिणाम गोव्यास सोसावा लागला. मुदत संपल्यावर, १८९२ सालीं, करार पुन्हां झाला नाहीं. सरहद्दीवर जकातनाके परत आले, आणि १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त होईपर्यंत ती सरहद्द राहिली.

हें सर्व सागरकांठीं घडलें. त्याचा भामरागडच्या रानाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. गोव्याचा करार ही एकटी गोष्ट नव्हती. हिंदुस्थानांत जेथें जेथें मीठ उत्पन्न होतें तें प्रत्येक ठिकाण आपल्या हातांत घ्यावें, या धोरणाचा तो एक भाग होता. फ्रेंचांशींहि १८१५ सालीं त्यांच्या हिंदुस्थानांतील वसाहतींच्या मिठाविषयीं असाच करार झाला होता, आणि तेथेंहि वर्षाची रक्कम ४ लाख सिक्का रुपयेच होती! उगमाशीं मीठ हातीं लागेपर्यंत इंग्रजांनीं देशाच्या मध्यावरच एक अडसर घातला होता. सिंधु नदीपासून महानदीपर्यंत, आपल्या जुन्या मध्यप्रांतांतून जाणारी ती जकातीची रेषा १८६९ च्या सुमारास २,३०० मैल लांब होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचें अभेद्य कुंपण लावलेलें होतें, आणि सुमारें १२,००० माणसें तिच्यावर पहारा करीत. कमी कराचें मीठ जास्त कराच्या मुलखांत जाऊं नये, एवढ्याचसाठीं हा खटाटोप! १८७९ सालीं ही रेषा उठविली गेली. उगम ताब्यांत आल्यावर कुंपणाची गरज उरली नाहीं. कर मात्र गेला नाहीं. तो मिठाच्या किंमतींतच मिसळून रानारानांत पोंचला, आणि १९४७ सालीं रद्द होईपर्यंत दर मुठीमागें भरला गेला.

आपल्या रानांत मीठ होत नाहीं. मोहाचें फूल, चारोळी, हिरडा, मध, बांबू हें सर्व होतें. मीठ दुरून यावें लागतें. बैलांच्या पाठीवर मीठ लादून बंजारे येत, आणि त्या मिठासाठीं रानची वस्तु द्यावी लागे. चारोळी देऊन मापास माप मीठ घेण्याचा व्यवहार बस्तरांत व आसपासच्या रानांत फार दिवस चालत असे. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरच्या वृद्ध माणसांस विचारलें तर या व्यवहाराची आठवण अजून सांपडेल. आतां पुन्हां रिकार्डोची पाटी काढा. ज्या घरीं चारोळी भरपूर व मीठ मुळींच नाहीं, त्या घराचा या सौद्यांत लाभ होता काय? होता, मिठावांचून जेवण कसें होणार? व्यापाऱ्याचाहि होता. पण शहरच्या मिठाईवाल्यास चारोळी काय भावानें पडते, हें दोघांपैकीं एकासच ठाऊक होतें, आणि मापहि त्याच्याच हातीं होतें. आठ नवमांश व सहा पंचमांश यांमध्यें सौदा कोठें तुटला असेल, तें सांगावयास नको.

अलीकडे मात्र या जिल्ह्यांत कांहीं गोष्टी उलट्या दिशेनें घडल्या आहेत, आणि त्यांचा अभ्यास लिस्बनच्या करारापेक्षां कमी महत्त्वाचा नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हातीं आला. जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा आतां तेंदूपानांचा लिलाव स्वतः करितात व व्यापाऱ्याशीं करारनामा स्वतः लिहितात. करारनामा लिहिणें सोपें नाहीं. रक्कम वेळेवर वसूल करणें त्याहून अवघड, हें ज्या पालकांनीं तें केलें आहे ते जाणतातच.

येथें वरच्या वर्गांस एक हिशेब देतों. आपल्या बाजूस तेंदूच्या एका पुड्यांत ७० पानें असतात, आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, जिला सर्वजण स्टँडर्ड बॅग म्हणतात, ती होते. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडांत पुडा ५० पानांचा, आणि गोणी १,००० पुड्यांचीच. नांव एक, पानें निराळीं. पलीकडे गोणीस अमुक भाव मिळाला असें बाजारांत ऐकूं आलें, तर आपल्या गोणीचा भाव त्याच्या सात पंचमांश असला म्हणजेच दोन्ही भाव सारखे झाले. येत्या उन्हाळ्यांत फळीवर पुडे मोजावयास बसाल तेव्हां दोन्ही बाजूंचे भाव विचारून घ्या, भागाकार करा, आणि आपल्या ग्रामसभेच्या करारनाम्यांत पानांची संख्या, रक्कम देण्याची तारीख व सह्या कोणाच्या आहेत तें पाहून वहींत उतरून आणा. शाळा उघडल्यावर त्या वह्या आम्ही तपासूं.