सुरीची पारख

प्रस्तावना

घरात शिवणयंत्र किंवा पंखा घ्यायचा असला, तर चार दुकाने पाहिली जातात, शेजाऱ्यांना विचारले जाते, भावाची घासाघीस होते. सुरीच्या वाट्याला मात्र असा विचार क्वचितच येतो. बाजारातील ढिगातून उचललेली किंवा दुसऱ्या एखाद्या वस्तूबरोबर फुकट मिळालेली सुरी घरात येते आणि वर्षानुवर्षे राबत राहते. ती बोथट झाली, तरी तिची तक्रार खर्चाच्या यादीपर्यंत पोहोचत नाही. कारण ती हाती धरणारी व्यक्ती बहुधा स्वतःच्या सोयीचा विचार सर्वांत शेवटी करते. कमी खर्चात चांगली सुरी कशी निवडावी आणि ती दीर्घकाळ कशी टिकवावी, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपणांस –
• विळी आणि सुरी यांच्या वापरातील फरक सांगता येईल;
• पात्याचे पोलाद व सुरीची घडण यांची पारख करता येईल;
• वस्तूची किंमत आणि तिचा खरा खर्च यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• सुरीची निगा राखण्याचे नियम सांगता येतील.

मूळ पाठ

१. विळी आणि सुरी

मराठी घरांत भाजी चिरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या विळीने केले. लाकडी पाटावर उभे बसवलेले वक्र पाते आणि त्याच्या टोकाला नारळ खवण्यासाठी दातेरी खवणी, अशी तिची रचना असते. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्याकडे नेली जाते. पाट पायाखाली दाबून धरल्यामुळे दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. हे साधन केवळ महाराष्ट्राचे नाही. बंगालमध्ये ‘बोटी’, तमिळनाडूत ‘अरिवाळमनै’, आंध्र व तेलंगणात ‘कत्तिपीट’, कर्नाटकात ‘ईळिगे मणे’, तर गोव्यात ‘आदोळी’ या नावांनी ते ओळखले जाते.

स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला, तसे बसून चिरणे कमी झाले आणि सुरी पुढे आली. सुरीने चिरताना भाजी स्थिर असते आणि पाते हलते. म्हणून सुरीला पक्की मूठ आणि भाजीखाली योग्य पाट यांची गरज असते. तथापि, घरात चांगली विळी असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. नारळ, लाल भोपळा, फणस किंवा मासळी यांसाठी आजही अनेकांना विळीच सोयीची वाटते.

२. पोलादाची ओळख

सुरीची पाती मुख्यतः दोन प्रकारच्या पोलादाची असतात. पहिले कार्बनयुक्त साधे पोलाद. लोहाराकडील विळ्या, कोयते बहुधा याचेच असतात. त्याला धार चटकन व उत्तम लागते. परंतु ते गंजते आणि लिंबू, चिंच, कैरी यांसारख्या आंबट पदार्थांनी काळे पडते. दुसरे न गंजणारे पोलाद, म्हणजेच स्टेनलेस स्टील. इंग्लंडमध्ये सुऱ्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद तयार केले. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि गंज रोखला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भांड्यांसाठी वापरले जाणारे उत्तम स्टेनलेस स्टील लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही. म्हणून न चिकटणारे ते चांगले, असा समज रूढ आहे. सुरीच्या बाबतीत हा समज दिशाभूल करतो. भांड्यांचे ते पोलाद तापवून थंड केल्याने कठीण होत नाही. त्यामुळे त्यावर धार टिकत नाही. सुरीचे पाते तापवून, थंड करून कठीण केलेले असावे लागते आणि असे पोलाद चुंबकाला चिकटते. अर्थात, चुंबक चिकटला एवढ्यावरून सुरी उत्तम ठरत नाही. ती केवळ पहिली कसोटी होय.

३. घडणीची पारख

सुरी हाती घेऊन पाहिल्याखेरीज विकत घेऊ नये. पुढील गोष्टी तपासाव्यात :

(अ) पाते मुठीत कुठवर गेले आहे? ते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले आणि खिळ्यांनी पक्के बसवलेले असल्यास सुरी टिकाऊ असते. थोडेसेच आत खोचलेले पाते काही दिवसांत हलू लागते.
(आ) पाते आणि मूठ यांच्यात फट आहे का? अशा फटीत अन्नकण व पाणी साचून राहते.
(इ) मूठ ओल्या हातातून निसटते का? गुळगुळीत, चकचकीत मूठ दिसण्यास सुंदर. पण धरण्यास धोक्याची.
(ई) पाते सरळ आहे का? सुरी डोळ्यांसमोर आडवी धरून धारेच्या रेषेत पाहिले असता वाकडेपणा लगेच दिसतो.

४. किती सुऱ्या हव्यात?

घरगुती स्वयंपाकाला दोन सुऱ्या पुरतात : चिरण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर पात्याची एक मोठी आणि सोलणे, कोरणे यांसाठी ८ ते १० सेंटिमीटर पात्याची एक छोटी. पाव नेहमी कापायचा असेल, तर तिसरी दातेरी सुरी घ्यावी. मात्र दातेरी पात्याला घरी धार लावणे कठीण असते.

आता हिशेब पाहू. समजा, एका कुटुंबाने ८० रुपयांची सुरी घेतली आणि ती दर सहा महिन्यांनी बदलावी लागली. वर्षाचा खर्च १६० रुपये झाला. दुसऱ्या कुटुंबाने ५०० रुपयांची मोठी सुरी, १०० रुपयांची छोटी सुरी आणि २०० रुपयांचा धार लावण्याचा दगड घेतला. या ८०० रुपयांच्या वस्तू आठ वर्षे चालल्या, तर वर्षाचा खर्च १०० रुपयेच पडला; शिवाय आठही वर्षे हाताला धारदार सुरी मिळाली. तिसऱ्या कुटुंबाने सहा सुऱ्यांचा देखणा संच १,२०० रुपयांना घेतला. पण वापरात आल्या दोनच. यावरून स्वस्त वस्तू आणि कमी खर्चाची वस्तू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

५. धार आणि निगा

बोथट सुरी सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. बोथट पात्यावर अधिक जोर द्यावा लागतो. मग ते टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि बोटावर येते. रोजच्या जोरामुळे मनगटही दुखते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा वायू कांद्याच्या पेशी फुटल्यामुळे निर्माण होतो. बोथट पाते पेशी चिरडते; धारदार पात्याने त्या कमी फुटतात.

धार लावताना दगड ओला करावा, पाते दगडाशी १५ ते २० अंशांच्या कोनात धरावे आणि दोन्ही बाजूंनी सारखेच घासावे. दगड नसल्यास चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडाही वेळ निभावून नेते. सुरीने दगडी ओट्यावर, काचेवर किंवा स्टीलच्या ताटात चिरू नये, कारण त्याने धार झपाट्याने जाते. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट वापरावा. वापरानंतर सुरी धुऊन, पुसून कोरडी ठेवावी. भांड्यांच्या ढिगात किंवा फेसाळ पाण्यात सोडू नये, कारण तेथे ती दिसत नाही. चिरताना भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत दुमडावीत. हातातून निसटलेली सुरी झेलण्याचा प्रयत्न करू नये. दुसऱ्याला देताना सुरी खाली ठेवावी आणि त्याला उचलू द्यावी.

भाषाभ्यास

‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिका’ या शब्दापासून आला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्यास ‘शिकलगार’ म्हणतात; हा शब्द फारसीतून आला. ज्यांचे परस्परांशी मुळीच पटत नाही, त्यांच्या नात्याला ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ असे म्हणतात.

आपण काय शिकलो?

• सुरीचे पाते कठीण केलेल्या पोलादाचे असावे आणि मूठ पक्की असावी.
• घराला संचाची नव्हे, दोन चांगल्या सुऱ्यांची गरज असते.
• खरेदीच्या वेळची किंमत नव्हे, तर वर्षाचा खर्च पाहावा.
• सुरीची निम्मी गुणवत्ता खरेदीत आणि निम्मी निगेत असते.

स्वाध्याय

१. विळी आणि सुरी यांच्या वापरातील मुख्य फरक दोन वाक्यांत लिहा.
२. ‘बोथट सुरी अधिक धोकादायक असते.’ हे विधान सकारण स्पष्ट करा.
३. तिन्ही कुटुंबांच्या खरेदीची तुलना करून आपले मत लिहा.
४. ‘विळ्याभोपळ्याचे सख्य असणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
५. उपक्रम : आपल्या घरातील सुऱ्या व विळी पाठातील कसोट्यांनुसार तपासा आणि आढळलेल्या दोषांची यादी करा. त्या कोण सर्वाधिक वापरते, हे विचारून त्या व्यक्तीची अडचण चार ओळींत लिहा.