करडई पेरायची तर आधी काटा विचार

लेका, मंठा-परतूरकडची काळी, भारी रानं करडईला मानवतात. तिचं सोटमूळ माणसाच्या उंचीइतकं खाली जाऊन ओल शोधतं, म्हणून परतीचा पाऊस दगा देऊन गेला तरी ती तग धरते. बियाणं घ्यायला गेलास की दुकानदार तेलाचा उतारा सांगत बसेल. तू आधी काटा विचार.

धुऱ्यालगत गुरांची वाट असेल तर काटेरीच घे. परभणी विद्यापीठाचा ‘पीबीएनएस 12’, म्हणजे परभणी कुसुम, कोरडवाहूत बरा. साडेचार महिन्यांत हाताशी येतो, मावाही बऱ्यापैकी सोसतो. पाकळ्या विकायच्या असतील तर फलटणच्या निंबकर संस्थेचा ‘नारी 6’ बघ, त्याला काटे नाहीत. फूल सुकायला लागलं की मगच पाकळी वेच. तोवर दाणा धरलेला असतो, उत्पन्न घटत नाही. मात्र बिनकाट्याच्या रानाला राखण लागते, हे बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेलं नसतं.

पेरणी हस्तात उरक. मूग-उडीद निघालेलं रान त्याला चांगलं. सोयाबीन रेंगाळलं आणि चित्राही सरली, तर त्या रानात सरळ हरभरा टाक, कारण उशिराच्या करडईवर मावा तुटून पडतो. दोन तासांत दीड फूट ठेव, दोन रोपांत वीतभर. विरळणी पंधरा-वीस दिवसांत झालीच पाहिजे. तिचा कंटाळा करणाऱ्यानं करडई पेरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि उपटलेली कोवळी रोपं बांधावर फेकतोस कशाला? लसूण-मिरची घालून भाजी करा, भाकरीबरोबर.

पाण्याचा लोभ नको. रानात पाणी तुंबलं की मूळ सडतं. द्यायचंच झालं तर भेगा पडायच्या आत एक हलकं पाणी दे. मोठाल्या भेगा पडल्यावर भरपूर पाजलंस, तर उभी झाडं मरतील.

मावा आधी धुऱ्याकडच्या तासांवर दिसतो. थंडीत आभाळ आलं की रोज कडेनं फेरी मार. दिसताच कडेच्या सहा-सात फुटांच्या पट्ट्यावर 5 टक्के निंबोळी अर्क फवार, सगळ्या रानाला औषध मारायची वेळ बहुधा येत नाही.

काढणी पहाटे, दंव असताना. काटा तेव्हा नरम असतो. तरी हातापायांना फडकी गुंडाळ. बोंडातून दाणा सहसा गळत नाही, त्यामुळे हार्वेस्टरची दोन-चार दिवस वाट पाहिली तरी चालतं.

तेल मात्र वर्षाचं एकदम गाळून ठेवू नको, ते लवकर खवट होतं. दाणा चांगला वाळवून ठेव आणि लागेल तसा महिन्या-दोन महिन्यांनी घाण्यावर ने. पेंड तिथं सोडून येऊ नको, घरची जनावरं खातील.